वाणात गेलेल्या वाट्या

काचेवर एवढा जीव टाकणारं आणि काचेतून घोटभर पाणी प्यायलाही नकार देणारं माणूस आमच्या मामेसासूबाईंखेरीज अख्ख्या कॅनडात दुसरं सापडायचं नाही. व्हिटबीच्या त्यांच्या घरात गुलाबी, हिरव्या, पिवळसर काचेच्या वाट्या, बशा आणि सरबताचे पेले बेसमेंटपासून वरच्या वॉशरूमच्या खिडकीपर्यंत मांडलेले असत, आणि आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत असू. "मामी, वापरायचं नाही तर ठेवायचं कशाला?" हा माझा ठरलेला प्रश्न. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू खोक्यात भरून देऊन टाकायची, असा माझ्या घरचा नियम आहे. त्यांचं उत्तरही ठरलेलं : "तुला ताजमहाल दिला असता तर तू त्यात बटाटे ठेवले असतेस."

ही काच शंभरेक वर्षांपूर्वीच्या मंदीतली. लोकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा ओट्सच्या डब्यात एखादी वाटी फुकट घालत, सिनेमाच्या तिकिटावर एखादी बशी देत, आणि बायका एकेक करत संच जुळवत. ही गोष्ट मामी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गळका नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरही सुटला नव्हता. नक्षी कोरलेली आहे की साच्यातून उठवलेली, हे त्या डोळे मिटून अंगठ्याने ओळखत. हिरव्या काचेपैकी काहींत युरेनियम असतं आणि ती जांभळ्या किरणांच्या टॉर्चखाली चमकते, म्हणून तसला टॉर्च कायम पर्समध्ये. जुन्या वस्तूंच्या दुकानात अंधार कुठून आणणार? एकदा त्या हिरवी बशी घेऊन टांगलेल्या कोटांच्या रांगेतच शिरल्या. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते. दुकानातल्या मुलीने घाबरत विचारलं, "मॅम, आर यू ओके?" कोटांच्या आतून आवाज आला, "फाइन, फाइन. जस्ट चेकिंग फॉर युरेनियम." त्यानंतर मॅनेजर आला.

माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या, तेव्हा पानाशेजारची काचेची बशी दिसताच त्यांनी ती उचलून उलटी केली, कारण काचेचं खरंखोटं म्हणे खालून कळतं. बशीत कोशिंबीर होती. मामेसासरे निवृत्त इंजिनिअर, मोजकं बोलणारे. मांडीवर पडलेली काकडी उचलून खात ते म्हणाले, "थोडक्यात वाचलो. बघायला गेलो होतो तेव्हा मलाही उलटा करणार होती."

मग मामांचे गुडघे गेले. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं जमेना, आणि दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत असलेल्या मुलाने दोघांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. त्याच्या घरात त्यांना एक खोली मिळणार होती. फोनवर तो म्हणाला, "आई, काचेचे सिक्स पीसेस. प्लीज. ओन्ली सिक्स." मामी रोज सकाळी सहा निवडत आणि संध्याकाळी ते सहा परत ठेवून दुसरे काढत. शेवटी चिडून म्हणाल्या, "सहा पोरं न्यायची आणि बाकीची रस्त्यावर सोडायची, असं कुणी करतं का?" किचनर गावच्या एका जुन्या काचेच्या व्यापाऱ्याला सगळं एकरकमी द्यायचं ठरलं. निदान एकत्र राहतील, एवढीच त्यांची समजूत. त्यांनी एकेक नग हाताने धुऊन जेवणाच्या टेबलावर मांडला. त्या आठवड्यात त्यांनी मंदीची गोष्ट कुणालाच सांगितली नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

व्यापारी सोमवारी येणार होता आणि रविवारी त्या घरातलं शेवटचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या वाट्यांचं खोकं किचनच्या काउंटरवर होतं. मी दाराशी कोट आणि बूट सांभाळत होते. मामी बाहेरच्या खोलीत कुंकू लावून तिळगूळ देत प्रत्येकीला सांगत होत्या, "वाण आत मांडलंय, एकेक घे गं." बायका आत गेल्या. आत मांडलेली होती ती काच. पहिलीने गुलाबी वाटी उचलली, मग बाकीच्या कशाला मागे राहतील?

मामी आत आल्या तेव्हा टेबलाला मोठी खिंडारं पडली होती. दाराशी बायका बूट चढवत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात स्कार्फमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. "काकू, काय सुंदर वाण," एक म्हणाली. "हल्ली असं कोण देतं?"

मामा हळूच म्हणाले, "मी सांगू का त्यांना?"

"वाण परत मागतात का?" मामी पुटपुटल्या. मग एकदम मोठ्याने, "थांबा गं सगळ्या."

आता मागणार, असं मला वाटलं. त्यांनी मंदीची गोष्ट सुरू केली. कोट-टोप्या घातलेल्या बायका घामाघूम होत ऐकत होत्या. ओट्सचा डबा झाला, सिनेमाचं तिकीट झालं, आणि 'फुकट' या शब्दाशी मामी अडखळल्या. थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिल्या. "म्हणजे हेही वाणच होतं की," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि आत जाऊन उरलेल्या वाट्या, बशा, पेले आणून एकेकीच्या हातात कोंबू लागल्या; एक वाटी माझ्याही हातात आली. "डिशवॉशरमध्ये घालाल तर याद राखा. आणि गरम काही ओतायचं नाही." व्यापाऱ्याला संध्याकाळीच नको म्हणून कळवलं. शेवटी टेबलावर एकच वाटी राहिली, माझ्या वाटीच्याच जोडीची, पण काठाचा टवका उडालेली. फुटकी वस्तू वाणात देत नाहीत.

तीच घेऊन त्या रेजिनाला गेल्या. दर रविवारी त्यांचा फोन येतो, त्यात आधी काचेची खुशाली, मग आमची. "तुझ्या वाटीत काय ठेवतेस?"

"लिंबं."

"ठेव. बटाट्यांपेक्षा बरं."

परवा मात्र आवाज वेगळा होता. "अगं, आज मी माझ्या त्या टवक्याच्या वाटीत श्रीखंड खाल्लं. तळाशी फूल कोरलंय बघ. इतकी वर्षं उलटी करकरून पाहिलं मी ते. पण खाता खाता एकेक पाकळी वर येते, हे मला कुठं माहीत होतं?"

मग म्हणाल्या, "हातानेच धुतेस ना?"

फोन ठेवून मी वाटीतली लिंबं काढली. घरात श्रीखंड नव्हतं. वाटीत दही घेऊन साखर घातली आणि खिडकीशी बसून शेवटच्या चमच्यापर्यंत सावकाश खाल्लं.