महादेवी सिस्टरचं कोरडं किट

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा भुताखेतांवर कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. पण मग त्या दुपारी नऊ नंबरच्या पेशंटला पालथं झोपवलं कुणी, एवढंच कुणीतरी सांगा... मी विचारून विचारून थकलो!

कोविडची दुसरी लाट, सोलापूरचं एक हॉस्पिटल, मे महिना. मी तिथे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. पीपीई किट घातलं की सगळे सारखेच पांढरे, म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं. हे काम माझं, कारण अक्षर देखणं. (असं मीच ठरवलं होतं.)

आमची महादेवी सिस्टर अक्कलकोटची. दीड महिना सुट्टी नाही. तीन वर्षांची पोरगी गावी, आता आजीलाच 'अव्वा' — म्हणजे आई — म्हणायला लागलेली. सिस्टरचा रोज अर्ज, मेट्रन मॅडमचं रोज एकच उत्तर : "माणूस कमी आहे!"

त्या दुपारी दोनला तिच्या किटवर नाव लिहून दिलं आणि मी वॉर्डात गेलो. थोड्या वेळानं पाहतो, तर नऊ नंबरपाशी पाठमोरी 'महादेवी'. अक्षर माझंच! तिथले पेशंट एक मास्तर, त्यांचा ऑक्सिजन घसरलेला, आणि ही त्यांना एकटीच वळवतेय.

"हाक मारायची की, सिस्टर!"

ती आपली वळवतच राहिली. मी हात लावला, दोघांनी मिळून मास्तरांना पालथं केलं. आकडा चढला. वळून बघतो — कुणी नाही.

बाहेर आलो, तर महादेवी कपडे बदलायच्या खोलीत खुर्चीवर गाढ झोपलेली. नाव लिहिलेलं तेच किट मांडीवर. कोरडं ठणठणीत! सोलापूरच्या मे महिन्यात किट घालून कोरडं राहिलेलं माणूस दाखवा मला.

डॉक्टर म्हणतात, ताणामुळे भास होतात. मान्य! पण भास ऐंशी किलोचा मास्तर उलटवतो? आणि मास्तर स्वतः सांगतात, हात चार होते. बाकीचा स्टाफ तेव्हा दुसऱ्या टोकाला. आजतागायत उत्तर नाही, आणि मला भेटतो तो प्रत्येक जण विचारतो, "जेवला होतात ना?"

असो. त्या दुपारी तेवढ्यात मेट्रन मॅडम त्या खोलीत आल्या. "ड्युटीवर झोपा काढतेस?" मी घाईघाईनं सगळं सांगितलं.  तशी महादेवी डोळे चोळत ताडकन उभी राहिली.

"मग माणूस वाढलं की ओ, मॅडम! उद्यापासून तिलाच लावा ड्युटी, मी चालले पोरीकडं!"