अंगठ्याची सुतळी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. भर दुपार आहे. मंगळवेढ्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत पंखा खडखडतोय आणि खाटेवर एक माणूस पडलाय. धड झोपलेला नाही, धड जागाही नाही. त्याचं नाव सिद्राम. एका बड्या ट्रक कंपनीत तो ड्रायव्हर आहे. महिन्यातले चार दिवस घरी येतो आणि ते चारही झोपून काढतो. घरात त्याची बायको महानंदा हिनं एक नियमच करून ठेवलाय, बाबा झोपले की कुणी उठवायचं नाही. नऊ वर्षांची अंबिका तो नियम पाळते. म्हणून खाटेच्या पायथ्याशी ती वही घेऊन गुपचूप बसली आहे.

आज पाच वाजेपर्यंत सिद्रामनं गावातल्या शाळेत फोन करायचा आहे. शाळेच्या बसवर त्याला नोकरी मिळते आहे. रोज संध्याकाळी घरी येता येईल. हेडबाई म्हणाल्यात, पाचपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा माणूस बघते. सकाळपासून त्यानं फोनला हात लावलेला नाही.

खाट हलू लागते. पंख्याची खडखड जाड होत जाते, तिचं इंजिन होतं. सिद्राम आता ट्रकमध्ये सीटमागच्या फळीवर आडवा आहे आणि पुढे दस्तगीरभाईंची रुंद पाठ दिसते आहे. दस्तगीरभाई म्हणजे त्याचे जोडीदार. नऊ वर्षं दोघांनी एकच ट्रक चालवला. चार तास एकानं चालवायचा, दुसऱ्यानं मागे झोपायचं. ड्रायव्हर हॉर्नच्या आवाजानं कुठले जागे व्हायला! म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. सुतळीचं एक टोक झोपणाऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चार तास भरले की ओढायची. त्याआधी मात्र नाही. झोप मोडायची नाही हा दोघांचा करार.

मागच्या पौषात दस्तगीरभाईंनी ट्रक नीट कडेला घेतला, ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते कायमचंच. सिद्राम पोटभर झोपून आपणहून जागा झाला, तेव्हा सुतळी त्यांच्या मनगटाला तशीच सैल होती.

"घोरणं थांबलं की तुझं," दस्तगीरभाई मागे न बघता म्हणतात. "इंजिनापेक्षा ते बरं वाटायचं."

सिद्राम विचारतो, "ओढली का नाही?"

"चार तासांना वीस मिनिटं कमी होती."

"वीस मिनिटांसाठी?"

"मला वाटलं पित्त असेल. तुझ्या बायकोच्या चटणीवर ढकललं, झालं."

काचेपलीकडे रस्ता शाळेच्या पटांगणात शिरतो. डांबरावर बाकं मांडलेली आहेत आणि प्रत्येक बाकावर एकेक दप्तर आहे, पोर एकही नाही. ट्रक बाकांमधून अलगद चालतो. सिद्राम त्यांना बसच्या नोकरीबद्दल सांगतो. मग म्हणतो, "चाळीस पोरं, दस्तगीरभाई. हातभर अंतरावर माणूस गेला आणि मी झोपलो होतो. माझ्या हवाली कोण पोरं करील?"

दस्तगीरभाई त्याची समजूत घालत नाहीत. ते विचारतात, माझ्या सीटवर कोण आहे. सिद्राम सांगतो, दुसऱ्याच दिवशी कंपनीनं माणूस बसवला. तो नोकरी सोडून गेला, आता तिसरा आहे.

"नाव काय त्याचं?"

सिद्रामला आठवत नाही. तो खूप आठवून बघतो.

"त्यालाही तुझं ठाऊक नसेल," दस्तगीरभाई म्हणतात.

आता ते घरच्या चुलीपुढे बसलेत. हातात स्टिअरिंग नाही, पिठानं माखलेली परात आहे आणि ती ते सावकाश फिरवताहेत. मनगटाला सुतळी आहे.

"दुखायला लागलं तेव्हा हात उचलला होता मी," ते परातीत बघत म्हणतात. "ओढायला. मग म्हटलं, झोपू दे लेकाला. तिथं चुकलो, सिद्राम. तो नियम आपण केला होता, मोडायलाही आपलाच होता."

"आता ओढा."

"आता काय उपयोग," दस्तगीरभाई म्हणतात. तरीही मनगट मागे घेतात.

सिद्राम दचकून जागा होतो. पत्रा, पंखा, भिंतीवरचं घड्याळ. चार वाजून वीस मिनिटं. उजव्या अंगठ्यात ठणका आहे. तो पाय जवळ घेऊन बघतो. अंगठ्याभोवती लालभडक, खोल वळ आहे, काचलेल्या सुतळीचा असतो तसा पिळाचा. सुतळी मात्र कुठेच नाही.

"मी नाही हं उठवलं," अंबिका घाईनं सांगते.

ती त्या वळावरून बोट फिरवते. सुतळीची गंमत तिला माहीत आहे, बाबांनीच पूर्वी हसत हसत सांगितलेली. ती विचारते, दस्तगीरचाचा आले होते का.

सिद्राम मान डोलावतो. मग म्हणतो, "त्यांना फार उशीर झाला, बाळा."

"आणि शाळेचा फोन?"

"राहू दे तो." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करतो. डोळ्यांतून पाणी उशीवर उतरतं. रडून थकलेला माणूस जसा झोपतो तसा तो थोड्याच वेळात पुन्हा झोपून जातो.

अंबिका उठते. आई पाण्याला गेली आहे. चुलीमागच्या खिळ्याला वाणसामानाच्या पुड्यांची सुतळी गुंडाळून ठेवलेली असते, ती काढून आणते. एक टोक बाबांच्या अंगठ्याला, बरोबर त्या वळातच बसवून बांधते. दुसरं आपल्या मनगटाला. बाबांचा फोन मांडीवर घेऊन ती घड्याळाकडे बघत बसते.

पाचाला दहा मिनिटं असताना अंबिका सुतळी ओढते. तो हलत नाही. मग ती दोन्ही हातांनी धरते, खाटेच्या पायाला पाय टेकते आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढते.