पैलवानाची हरवलेली सीमा

माया आंधळी झाली की तिच्या हातात लोखंड येते, सज्जनहो. आणि त्या लोखंडापुढे उभे राहायला तितकीच मोठी माया लागते. अशा एका बाईची ही हकिकत आहे. चित्त इकडे असू द्या.

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. पत्र्याची चळत उचलणारा एक लोखंडी हात तिथे होता, दीड पुरुष उंच. कामगारांनी त्याचे नाव ठेवले होते पैलवान. पैलवानाने कुठवर वळावे, कुठे थांबावे, हे सारे एका जड फाइलमध्ये लिहिलेले असे; तिला सीमेची फाइल म्हणत. अशा साऱ्या फायली दूरच्या शहरातल्या एका भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, जपून ठेवलेल्या. तिथून त्या उतरवून घ्यायच्या आणि यंत्राला द्यायच्या, हेच ताईचे काम. आणि आई लेकराला घास भरवते तशा निगुतीने ती ते करी.

त्या दिवशी संगणक नवा आला होता आणि लाइन रडतखडत चालली होती. मुकादम दारात येऊन उभा राहिला.

"ताई, तुमचा संगणक जेवायला बसलाय का? केव्हाचा गिळतोच आहे."

"जड फायली उतरतायत."

"मग आधी हलक्या घ्या. जड मंडळी येतील मागून डुलत डुलत."

ताईने जड फायली वगळण्याची आज्ञा दिली. अशा वेळी वगळलेल्या प्रत्येक फाइलच्या जागी, तिच्याच नावाची, खरी फाइल कोणती एवढीच खूण सांगणारी दोन-तीन ओळींची एक चिठ्ठी तेवढी उतरते. जड फायली मागवायला ताई वळणार, तोच मुकादमाने पुन्हा हाक मारली. तिने यादीवर नजर फिरवली. प्रत्येक नाव जागच्या जागी होते. तिने पैलवानाला आणि शेजारच्या, अजून बंद असलेल्या यंत्राला ते सारे देऊन टाकले.

भक्ताला नाम पुरते, कारण त्या नामात देव उभा असतो. यंत्राच्या नामात कोणीही उभे नसते.

चिठ्ठीत भिंत नव्हती, जाळी नव्हती, माणूस नव्हता. पैलवान वळला आणि वळतच राहिला. जाळी फाटली, खांब वाकला, पत्र्यांची गाडी उलटून पत्रे पात्यांसारखे उडाले, आणि लाइनवरच्या वेल्डरचा धाकटा भाऊ त्या हाताखाली भिंतीशी चेपला गेला. हाड मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला. कोणीतरी लाल बटण दाबले. हात थांबला, पण धाकट्याच्या खांद्यावर रुतूनच थांबला. त्याच्या बाहीतून रक्ताची धार लागली. ब्रेक सोडावा तर सारा भार त्याच्या छातीवर येणार. जॅक घालायला बोटभर फट नव्हती. हात वर न्यायचा तो कंट्रोलरनेच, म्हणजे पैलवानाला चालवणाऱ्या खोक्यानेच. आणि मघाशी मुकाट गिळलेली चिठ्ठी बटणानंतरच्या तपासणीत कंट्रोलरने थुंकून टाकली होती: सीमा नाही, हलणार नाही.

ताई संगणकापाशी धावली आणि तिने दूरच्या भांडाराकडे राहिलेल्या फायली मागितल्या. पडद्यावर रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

तेवढ्यात वेल्डर आला. हातात गज, डोळ्यांत रक्त.

"बाजूला व्हा, ताई. ह्या खोक्याचं डोकं फोडतो."

ताई कंट्रोलरच्या आडवी झाली. "दादा, हे फुटलं तर हात वर कोण नेणार?"

"माझा भाऊ मरतोय, आणि तुम्ही टकटक करताय!"

"तुमचा भाऊ माझ्या चुकीनं अडकलाय. मलाच सोडवू द्या."

हे खरे बोलणे त्याला सोसले नाही. गज उठला आणि पडला. ताईने मध्ये घातलेले मनगट काटकीसारखे मोडले. दुसऱ्या घावाने तिचे कपाळ फुटले. ती गुडघ्यावर आली, पण खोक्यापासून हलली नाही.

भिंतीकडून क्षीण आवाज आला. "दादा, मार कमी कर. ह्या पैलवानापेक्षा तुझंच ओझं होतंय मला."

वेल्डरचा गज हवेतच राहिला.

भांडाराशी जोडणारी लाइन मध्येच तुटली. ताईने रक्त पुसले आणि डाव्या हाताने आज्ञा पुन्हा लिहिली. जे आले होते ते राहिले. उरले तेवढेच येऊ लागले. येऊ लागले, थबकले, पुन्हा येऊ लागले. धाकट्याचे ओठ निळे पडत होते. वेल्डर त्याच्या नाकाशी हात धरून बसला होता आणि दर श्वासाला फक्त "आहे" म्हणत होता. आहे. आहे.

फाइल पुरी झाली. ताईने ती कंट्रोलरला दिली. क्षणभर काहीच घडले नाही. मग पैलवान कण्हला आणि वीतभर वर गेला. वेल्डरने भावाला ओढून काढले. खांद्याचे मांस तिथेच चिकटून राहिले. धाकटा एकदा किंचाळला, आणि ती किंचाळी ऐकून त्याचा थोरला भाऊ ढसाढसा रडला, कारण मेलेला माणूस किंचाळत नाही.

रुग्णवाहिका दारात लागली. भावाला गाडीत ठेवून वेल्डर परत आला. त्याला ताईच्या तोंडाकडे बघवेना.

"चला ताई. मनगट लोंबतंय तुमचं."

"तुम्ही त्याच्याबरोबर जा. दुसऱ्या यंत्रातही नुसत्या चिठ्ठ्याच आहेत. ते कोणी चालू केलं तर?"

वेल्डरने मुकादमाला भावाबरोबर गाडीत बसवले. मग गज उचलून तो दुसऱ्या यंत्राच्या बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"मागवा तुम्ही," तो म्हणाला. "इथं कोणी बोट लावणार नाही."

ताई डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत उरलेल्या फायली मागवत राहिली.