मला न कळलेला माझा हात

बारा वर्षं एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. रोज सकाळी महादेवाला पाणी घालायचो, बेल वाहायचो आणि लगबगीनं गाभाऱ्याबाहेर पडायचो. देवापुढं एकटं बसायची मला लाज वाटायची.

आम्ही गुरव. सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत एका लहानशा देवळाची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. चाळिशी ओलांडल्यावर त्यांचे हातपाय आपोआप हलू लागले. खांदा उडायचा, बोटं नाचायची, चालताना तोल जायचा. आजोबांचंही तसंच झालं होतं. मी एकटाच जाऊन एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा मेंदूचा रोग आहे, आईबापांकडून मुलांत उतरतो, औषध नाही. तेव्हा धाकट्या बहिणीची सोयरीक वैरागला ठरत होती. डॉक्टरांचं बोलणं मी पोटात ठेवलं.

श्रावणातल्या एका सोमवारी देऊळ माणसांनी भरलं होतं. वैरागचे पाहुणेही आले होते. अभिषेक करताना आबांच्या हातातली कळशी उडाली आणि पिंडीवर आदळली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "पिऊन गाभाऱ्यात येता व्हय? लाज न्हाय वाटत?"

आबांनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण बाप दारुडा निघाला तरी लग्न निभावून जाईल, रक्तातला रोग कळला तर मोडेल, एवढा हिशेब माझ्या डोक्यात क्षणात झाला होता.

आबा गोंधळून म्हणाले, "मी कुटं प्यालोय रं? आन् हात कुटं हालला माजा? कळशी निसटली की."

त्या दिवशी मी पूजा त्यांच्याकडून काढून घेतली. बहिणीचं लग्न झालं. आबा पुन्हा गाभाऱ्यात गेले नाहीत. तीन वर्षांनी ते गेले, तोपर्यंत त्यांचं एकच म्हणणं होतं, "मी हालत न्हाय." मला त्याचा संताप यायचा. सगळं कळत असून हे नाटक करतात, असं मी धरून चाललो होतो. त्या रागामुळे माझं खोटं मला हलकं वाटायचं.

गेल्या मार्गशीर्षात, गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेल्यावर, देवळात एक अनोळखी म्हातारी आली. तेलुगू बोलणारी विणकरीण असावी. तिनं नवऱ्याला दंडाला धरून आणलं होतं. त्याचे हात, मान, भुवया, सगळं आबांसारखं हलत होतं. मी नजर खाली घातली आणि घाईनं तीर्थाची पळी पुढं केली.

तिनं ओंजळ धरली, पण तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमचा पण हात नाचतोय."

"मी कुटं हालतोय?" मी तिच्यावर खेकसलो. आवाज माझा होता, शब्द आबांचे होते.

ती रागावली नाही. "यांचं पण असंच," ती म्हणाली. "चार वर्षं भांडले मी. खोटं बोलता म्हटलं. मग समजलं, यांना कळतच नाही. खोटं नाही बोलत, बाबा. खाली बघा."

उंबऱ्यावर आणि तिच्या मनगटावर पाणी सांडलं होतं. पळी रिकामी होती. मला मात्र माझा हात दगडासारखा स्थिर वाटत होता.

मी तिथंच खाली बसलो. आबा खोटं बोलत नव्हते. आपल्या देवापासून आपल्याला का तोडलं, हे त्यांना मरेपर्यंत कळलं नसणार. म्हातारीनं मला उठवून पिंडीपाशी नेलं, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पळी भरून माझ्याकडूनच पिंडीवर पाणी घालून घेतलं. मग नवऱ्याला घेऊन ती गेली. पुढं वस्तीत पुष्कळ विचारलं. अशा जोडप्याला कुणी ओळखत नव्हतं.

घरी येऊन बायकोला विचारलं, "किती दिस झालं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "संक्रांतीपास्नं. दोनदा बोलले, तर तुमी अंगावर धावून आला."

पुढच्या सोमवारी मी भरल्या देवळात सांगितलं की आबा कधीच प्याले नव्हते, त्यांना रोग होता, तो मला ठाऊक होता, आणि आता तो मला झाला आहे. काही माणसं उठून गेली. वैरागला जाऊन बहिणीला सांगितलं, तेव्हा ती आधी आपल्या मुलांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. ती अजून माझ्याशी बोलत नाही. ते मला मान्य आहे.

पूजा आता चुलतभाऊ करतो. मी बेल निवडून देतो. देवानं त्या दिवशी रोग काढून घेतला नाही, पण आबांना ओळखायची बुद्धी दिली. उशिरा दिली, तरी माझ्या हयातीत दिली, हे त्याचे उपकार आहेत. पूर्वी शरण जायचं म्हणजे डोकं टेकायचं एवढंच मला ठाऊक होतं. आता बायको म्हणते, "हात हालतोय," तेव्हा मी हाताकडे बघतो. मला तो स्थिरच वाटतो. तरी मी "व्हय" म्हणतो आणि पेला तिच्या हातात देतो.