मावशीनं न मागता बटाटे केले

मावशी तशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. फुटबॉल क्लबच्या अकादमीत लांबून आलेल्या पोरांना मैदानाजवळच्या घरांत ठेवायची पद्धत होती, आणि तिच्या माडीवर वर्षानुवर्षं पोरं राहत होती. तेरा-चौदाव्या वर्षी यायची, नुसती हाडं आणि भूक घेऊन. पुढे कधीतरी क्लब ठरवायचा, कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं. बहुतेक काढलीच जायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कोण बोलणार?

मावशीची जीभ तिखट. "बूट दाराबाहेर! हे घर आहे, मैदान नाही!" असं रोज ओरडायची, आणि पोरं घाबरल्याचं सोंग करून पातेली फस्त करायची. नळदुरुस्ती करणारा तिचा नवरा कुरकुरायचा, "मला कधी एवढ्या आग्रहानं वाढलं नाहीस." "तुम्ही कधी गोल मारलात?" ती म्हणायची, की विषय मिटला.

काढायचं ठरलं की अकादमीचा मॅनेजर आदल्या संध्याकाळी मावशीला फोन करायचा. "उद्या सकाळी त्याला सांगणार आहोत. आज जरा लक्ष ठेवा. बोलू मात्र नका." आता लक्ष ठेवायचं आणि बोलायचं नाही, हे काय माणसाचं काम आहे? पण ती करायची. त्या दिवशी त्या पोराच्या आवडीचं काहीतरी रांधायची आणि मुकाट्यानं ताटात वाढायची. तेवढंच तिच्या हातात होतं. पोरांच्या काही लक्षात येत नाही असं तिला वाटायचं. इथेच बाई चुकली.

डावऱ्या तिचा लाडका. डाव्या पायानं खेळायचा म्हणून डावऱ्या. बोलणं कमी, खाणं त्याहून कमी. फक्त तळलेले बटाटे समोर आले की गडी खुलायचा. बापानं घरून निघताना बजावलं होतं, करार हातात पडेल तेव्हाच तोंड दाखव. तो हे हसत सांगायचा. मावशीला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

एका दुपारी मावशीच्या लेकीच्या सासरहून फोन आला. लेक सुखरूप बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. नवरा कामासाठी परगावी, सकाळी येणार. त्याच्या आधी कुणाला सांगायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं. पण आनंद कुठेतरी सांडायला हवाच ना! तिनं मोठी कढई चढवली आणि डावऱ्यासाठी ढीगभर बटाटे तळले.

तो जेवायला बसला आणि ताटाकडे बघतच राहिला. मग विचारलं, "मावशी, फोन आला होता का?"

"आला होता. उद्या कळेल तुला. आधी गरम गरम खा बघू."

त्यानं सगळे खाल्ले. एकही टाकला नाही. उठून स्वतःचं ताट स्वतः घासलं. "फार छान झाले होते, मावशी," म्हणाला आणि वर गेला. शहाणं झालं हो पोरगं, असं तिला वाटलं. काय म्हणावं या वाटण्याला!

जिन्याची एक पायरी सैल होती, पाय पडला की करकरायची. पहाटे ती करकरली. मावशीला जाग आली. पोरगं धावायला चाललंय, असं म्हणून ती कूस बदलून पुन्हा झोपली.

सकाळी मॅनेजरचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. डावऱ्याला मोठ्या संघाच्या सरावाला बोलावलं होतं. मावशी हाका मारत माडीवर गेली. खाट आवरलेली, बॅग गायब. खोलीतला दुसरा मुलगा, लांब्या गोलकीपर, भिंतीला टेकून रडत होता.

"तुम्ही न मागता आवडीचं केलंत की दुसऱ्या दिवशी जायचं असतं," तो म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. नवीन मुलगा आला की पहिलं हेच सांगतो."

मावशी तिथेच खाली बसली.

डावऱ्या घरी पोचलाच नाही. पोलीस झाले, स्टँड पालथे घातले, पण पत्ता नाही. बाप आला, त्याच पायरीवर बसला. मावशीनं काही लपवलं नाही. लेकीचा फोन, कढई, सगळं रडत रडत सांगितलं. तो चिडेल, शिव्या देईल, याची ती वाटच बघत होती. बाप एवढंच म्हणाला, "त्याला बटाटे आवडतात, हे मला माहीत नव्हतं."

तेव्हापासून त्या घरात बटाटा शिजला नाही. कुणाच्याच आवडीचं काही शिजलं नाही. तिकडे नात शाळेत जायला लागली. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मावशीला डावऱ्याचं ताट आठवायचं. लेकीलाही हे कधी सांगता आलं नाही. आणि माडीवर कुणीही नसताना पायरी करकरायची. नवरा म्हणायचा, लाकूड आहे, वाजणारच. ती उठून जिन्यात जायची, खालून वर बघत उभी राहायची.

यंदा पुन्हा फोन आला. माडीवरच्या पोरांतल्या बारक्याला काढणार होते. "बोलू नका हं," मॅनेजर म्हणाला.

"बोलणार," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं बारक्याला समोर बसवलं. "उद्या तुला काढतायत, बाळा. हे तुला माझ्याकडून कळू दे. रड, ओरड, भांडी फोड. पण न सांगता जाऊ नकोस. माझं एक पोर तसं गेलंय." आणि डावऱ्याची सगळी गोष्ट तिनं त्याला सांगितली.

बारक्या पोटभर रडला. मग नाक पुसत म्हणाला, "मावशी, मला बटाटे करून द्याल?"

तिनं कढई काढली.

सकाळी तो बॅग घेऊन निघाला. सैल पायरीवर मुद्दाम थांबला आणि दोन्ही पायांनी जोर दिला. पायरी करकरली. "मावशी, ऐकताय ना? येतो मी!"

ती ओट्याशी उभी होती. "ऐकलं रे, ऐकलं," ती म्हणाली.

तो गेल्यावर नवऱ्यानं हातोडी काढली. "आता तरी एक खिळा मारू का? त्रास संपेल तुझा."

"नको," मावशी म्हणाली. "डावऱ्या आला तर मला कळायचं कसं?"