पदरातल्या आगपेट्या

यमुनाताईंची आणि माझी पहिली भेट कापसाच्या ढिगांमध्ये झाली. भाव कोसळलेले होते. झरी जामणीकडच्या खरेदी केंद्रावर मी भावासोबत माहेरचा कापूस घेऊन गेले होते. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने ‘ओला आहे’ म्हणत एकेक गाडी परत पाठवायला सुरुवात केली. लोक खवळले, तसे त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. भोवती सगळा कापूस. कोणीतरी ओरडले, “लाव रे काडी!”

वेचणीच्या बायांची संघटना बांधणाऱ्या यमुनाताई पुढे आल्या आणि त्यांनी पदर पसरला. ग्रेडरपुढे नव्हे, आपल्याच माणसांपुढे.

“माचिस टाका याच्यात. ज्याची त्यानं.”

“थो आपल्याले लुटून राह्यला, अन् तुमी आमचेच खिसे तपासता?” माझा भाऊ म्हणाला.

“थो आत कायले बसला? तुले भिऊन. भेलेला माणूस दार उघडते का?”

“मंग बिडी कशी पेटवू?”

“घरी जाऊन पेटव. बायको चुलीतला इस्तू देईन.”

लोक हसले. पेट्या पडू लागल्या. भावाची सर्वांत शेवटी. ताईंनी खिडकीशी जाऊन पदर दाखवला. “साहेब, पाहून घ्या. जाळाचं भेव नाई. पण कापसाचा काटा झाल्याबिगर आमी फाटकातून हालत नाई, अन् तुमची जीप बी नाई.”

सगळे फाटकात बसले. बऱ्याच वेळाने कडी वाजली. प्रत्येक गाडी मालकासमोर पुन्हा तपासली गेली. काही कापूस खरोखरच ओला निघाला. ताईंनी तो मालकांना निमूट वाळत घालायला लावला.

मी महाविद्यालयात अहिंसा शिकवत असे, व्याख्या तोंडपाठ होत्या. तरी विचारले, “ही दया की दबाव?”

“दोन्ही लागते, मॅडम. नुसती दया केली असती त जीप निघून गेली असती. नुसता दबाव केला असता त कडी निघाली नसती.”

हे दर वेळी साधत नाही. राजूरला अशाच खवळलेल्या जमावाची समजूत घालताना ताईंच्या कपाळावर दगड बसला. खूण अजून आहे. मग साधते केव्हा, असे मी आजही विचारते. “आपली माणसं आवरली म्हंजे,” एवढेच त्या सांगतात. माझ्या आजारपणात न बोलावता डबा घेऊन आल्या, तेव्हाही याहून अधिक बोलल्या नाहीत.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. सत्काराला माझा भाऊही येणार आहे. त्या दिवशी ताईंच्या पदरातून परत मिळालेली आगपेटी आपली नव्हती, ही त्याची तक्रार कायम आहे. ती ऐकून घ्यायला ताईंनी आणखी पुष्कळ वर्षे, धडधाकट, आमच्यात असावे.