मास्तरांचे कान

बॉनमधल्या आमच्या घरमालकांइतका तयार कानाचा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. हे वाक्य मी आजवर कितीतरी बैठकींत म्हटलं आहे आणि त्यापुढची गोष्ट दरवेळी गिळली आहे. तिथल्या लोकांनी मात्र त्यांना शेवटपर्यंत 'कान गेलेला म्हातारा' समजून चालवून घेतलं. ते खोटं होतं आणि त्याचं मूळ मी होतो. आता माझ्याच कानात यंत्र आलंय, तेव्हा आणखी थांबण्यात अर्थ नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी मी तिथे गेलो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिलो. शाळेत लॅटिन शिकवून ते निवृत्त झाले होते, म्हणून मी तोंडावर त्यांना आदरानं 'हेर प्रोफेसर' आणि मनातल्या मनात मास्तर म्हणे; ते मला 'हेर लेले', म्हणजे श्रीयुत लेले, म्हणत. त्यांचा जीव होता ल्यूट या वाद्यात. उभ्या चिरलेल्या पपईसारखं पोट, मोडल्यासारखी मागे वळलेली मान आणि मोजायचा कंटाळा यावा इतक्या तारा. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे वादक जसं वाजवत तसंच वाजवायचं, असा मास्तरांचा हट्ट. उजवी करंगळी वाद्याच्या पोटावर टेकलेली हवी आणि तार बोटाच्या मऊ टोकानं छेडायची, नखानं नाही. "नखं मांजराला असतात, हेर लेले," असं म्हणून ते रेडिओवरचा गिटारवाला बंद करत. करंगळी टेकण्याची सवय इतकी मुरली होती की सूप पितानाही ती टेबलावर रोवलेली असे. एकदा ट्राममध्ये ती शेजारच्या बाईंच्या पर्सवर जाऊन टेकली, तेव्हा मला मध्ये पडून तीनशे वर्षांचा इतिहास समजावून सांगावा लागला. तारा मेंढीच्या आतड्याच्या. ऱ्हाइनच्या काठी कळप चरताना दिसला की मास्तर टोपी काढून उभे राहत आणि म्हणत, "काय सुरेल जनावर!" कार्निवलच्या मिरवणुकीत कोणाचा कर्णा किती उतरलाय हे ते खिडकीतून ओरडून सांगत. खालची मंडळी खुशीत येऊन त्यांच्यावर चॉकलेटं फेकत. मास्तर ती वेचून खात आणि पुन्हा ओरडत.

चेलो या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्यासाठी लिहिलेली एक जुनी रचना ते ल्यूटसाठी बसवत होते. चेलोत नुसते सुचवलेले खर्जातले सूर ल्यूटवर खरोखर वाजवायचे. पण कुठे आणि किती, यावर त्यांचे हिवाळेच्या हिवाळे गेले. "इथे खालचा सूर हवा का गं?" ते जेवताना बायकोला विचारत. "हवा असला तर घाल," बाई म्हणत, "पण आधी तळघरातून कोळसा आण. थंडीत मला दोन्ही सारखेच ऐकू येतात."

शेवटी रचना बसली आणि चर्चच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मास्तरांचा आणखी एक नेम होता. वाद्य आत बसून नीट लावायचं, शालीत गुंडाळायचं आणि मग मंचावर जाईपर्यंत शिवायचं नाही. "लोकांसमोर तारा पिळत बसणं म्हणजे पाहुणे आल्यावर गादी घालणं," असं ते म्हणत. त्या संध्याकाळी वाद्य लावून ते कॉफी प्यायला गेले. मी राखणीला बसलो.

घरी आईचा तंबोरा लावायचं काम लहानपणापासून माझं. मला राहवलं नाही. मी शाल बाजूला केली आणि खर्जाच्या जाड तारा हलकेच छेडल्या. दोन तारा मला साफ बेसूर वाटल्या. त्या तारा दाबून वाजवायच्या नसतात, म्हणून रचनेला लागतील तेच सूर त्यांत आधी भरून ठेवतात, हे मास्तरांनी मला किती वेळा सांगितलं होतं. पण माझ्या कानाला षड्ज-पंचम हवा होता. म्हातारा माणूस, घाईत राहिलं असेल, असं वाटून मी खुंट्या पिळल्या. तंबोरा बोलावा तशा तारा बोलू लागल्या. मास्तरांची अब्रू वाचवली या समाधानात मी शाल पुन्हा गुंडाळली.

सुरुवात सुंदर झाली. मग खर्जाचा पहिला सूर आला आणि मास्तर थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. त्या दोन तारा त्यांनी सावकाश छेडून ऐकल्या, उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा. वाद्य ठीक आहे. कान म्हातारे झालेत."

परतताना बाई म्हणाल्या, "अरे, हवाच किती दमट होती!"

"हवेनं सूर उतरतात. असे एकमेकांशी जुळून बसत नाहीत. ते मीच लावले," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हेर लेले, मी लावत होतो तेव्हा तुम्ही जवळ होतात. तुम्हाला कसे वाटले?"

"हो, ठीक वाटले," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

त्यांनी पुन्हा कधी लोकांसमोर वाजवलं नाही. कार्निवल आला, कर्णे पूर्वीइतकेच बेसूर होते, पण खिडकी बंद राहिली.

पुढे मला इंगोलश्टाटला नोकरी लागली. काही वर्षांनी त्यांना भेटायला निघालो तेव्हा गाडीत सगळा वेळ माफीचं जर्मन वाक्य घोकत होतो. मास्तर थकले होते. मी बसतो न बसतो तोच त्यांनी ल्यूट माझ्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही लावून द्या. तुमचा कान चांगला आहे. माझ्यावर मी विसंबत नाही."

मी खुंटीला हात घातला आणि तोंड उघडलं. "हेर प्रोफेसर, त्या संध्याकाळी..."

"श्श!" त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "सूर लावताना बोलू नये."

मी तारा लावल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एका तारेशी मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर. फक्त ही केसभर चढलीय." खरंच चढली होती.

पुढच्या खेपेला दार उघडलं ते बाईंनी. घरात त्या एकट्याच होत्या.

मास्तर, तुम्ही तारा बरोबर लावल्या होत्या. त्या मी पिळल्या. मला माफ करा.